बोलती पोर

रंगूबाईच्या घरात लोकांनी नावं ठेवली नाहीत अशी एकच चीज होती, ती म्हणजे तिच्या पोरीचं बोलणं. बाकी सगळ्याला नावं ठेवून झाली होती. नवरा लालासाहेब पलटणीत, वर्षातून एकदा सुट्टीवर येणार, म्हणून बाई एकटीच मिरवते. जुळी झाली ती उशिरा झाली, आणि झाली ती दोन्ही 'अशी' झाली. 'अशी' म्हणजे कशी, ते कुणी तोंडानं म्हणत नसे. वारणेकाठच्या त्या गावात दुसऱ्याच्या बांधावरचा ऊस किती कांड्यांवर आला ते माणसं लांबून सांगत, पण या पोरांचं नाव निघालं की हात हलवून 'अशी' म्हणत आणि गप्प बसत. ही त्यांची दया होती. रंगूबाईला त्या दयेचा संताप यायचा.

जुळ्यांतला पोरगा जोतीराम. दहा वर्षांचा झाला तरी 'आं' आणि 'ऊं' यांच्यापलीकडे त्याला काही फुटलं नव्हतं. भूक लागली की आईचा पदर ओढायचा आणि पदर हाती लागला नाही तर भिंतीवर डोकं आपटायचा. पोरगी अंजना, म्हणजे अंजी, त्याच्यामागून घटकाभरानं आलेली. तीही चालायला उशिराच लागली. तिला परकराची नाडी बांधता येत नव्हती. विहिरीवरून घराकडं यायची वाट तिला सापडत नव्हती, आणि ती वाट तर सरळ होती. शाळेत पहिलीच्या वर्गात ती इतकी वर्षं बसली की एक गुरुजी बदलून गेले, दुसरे आले, आणि शेवटी दुसऱ्यांनीच सांगितलं, हिला आता घरी राहू दे. पण अंजी बोलायची. आणि नुसती बोलायची नाही, चार लेकरांच्या आईसारखी पोक्त बोलायची.

दारात कुणी आलं की ही पुढं. "या, बसा. उन्हाचं आलासा, आदी पाणी घ्या. कवा निघालासा? घरची समदी बरी हायती न्हवं? पोरंबाळं बरी हायती न्हवं?" पाहुण्याला हे विचारायची तसंच दारावर आलेल्या गोसाव्यालाही विचारायची, आणि ताक मागायला आलेल्या शेजारच्या शेंबड्या पोरालाही. माणसं हसायची आणि म्हणायची, काय गोड बोलती वं पोरगी! हे सगळं ती आईच्या मांडीशी बसून ऐकत आली होती. कानात गेलं ते जसंच्या तसं तोंडातून बाहेर. मध्ये कुठं थांबा नाही.

ते फक्त रंगूबाईला ठाऊक होतं. एकदा ती रानात असताना माहेरचा माणूस येऊन गेला. संध्याकाळी तिनं विचारलं, "अंजे, काय सांगितलं गं त्यानं?" अंजी हसली. "बरं हाय म्हणाला." तो माणूस रंगूबाईची चुलती वारल्याचा सांगावा घेऊन आला होता. अंजीनं त्याला पाणी दिलं, पोरंबाळं विचारली आणि वाटेला लावलं. माहेरच्यांनी वर्षभर बोल लावला, की रंगूला एवढंसुद्धा वाटलं नाही. रंगूबाईनं तो ऐकून घेतला. खरं काय झालं ते सांगितलं असतं तर पोरीचं उघडं पडलं असतं.

गावाचा न्याय तर बघण्यासारखा होता. जोतीनं म्हैस सोडली आणि ती दुसऱ्याच्या उसात शिरली, तर माणसं म्हैस आणून बांधायची आणि जोतीच्या हातावर गुळाचा खडा ठेवायची. देवाचं लेकरू ते, त्याला काय कळतंय. तेच अंजीकडून झालं की दारात येऊन शिव्या. "तोंड एवढं चालतंय, आणि एवढं कळत न्हाई व्हय?" पोरगा बोलत नाही म्हणून पोरगा खुळा, आणि पोरगी बोलते म्हणून पोरगी लबाड. दोघं एकाच पोटातून, एकाच दिवशी, एकाच दुखण्याची आलेली. पण एकाला गूळ आणि एकीला शिव्या, हे गावानं ठरवून टाकलं होतं आणि त्यात कुणाला काही वावगंही वाटत नव्हतं.

पोरं चौदा वर्षांची झाली तेव्हा लालासाहेब सुट्टीवर आला तो बातमी घेऊनच. त्याच्या पलटणीतल्या एका सुभेदाराचा पोरगा सांगलीत विश्रामबागेकडच्या एका शाळेत होता. "अशाच पोरांची शाळा हाय. राहायची, जेवायची सोय. हातानं काम करायला शिकवत्यात, बोलायला शिकवत्यात. मुलींची खोली बी वेगळी हाय. दोघास्नी घालायचं. बिलकूल घालायचं." सुट्टी संपून तो गेला. पोरांना न्यायचं काम रंगूबाईवर आणि थोरल्या दिरावर, भाऊसोवर, आलं.

आता इथं रंगूबाईनं जे केलं, त्यात तिची चूक काय हे मला आजही कुणी पटवून द्यावं. तिच्या हिशेबानं शाळा म्हणजे शाळा. शाळेत चांगल्याला घेतात, आणि चांगलं म्हणजे विचारलं ते नीट सांगणारं. तिच्या भावाच्या पोराला साताऱ्याच्या बोर्डिंगात घेतलं ते त्यानं फडाफडा उत्तरं दिली म्हणून. पाचगणीच्या शाळांत तर म्हणे आईबापांनासुद्धा प्रश्न विचारतात. मग सांगलीची शाळा काय ओवाळून घेणार होती? जोतीचं काही खरं नाही, त्याला परत पाठवणार, हे तिनं मनाशी धरूनच ठेवलं. निदान अंजीला तरी घेतील. एक तरी लेकरू मार्गी लागेल.

तिनं गावच्या गुरुजींना चार वांगी नेऊन दिली आणि काय काय विचारतात ते विचारून आली. मग चुलीपुढं अंजीला बसवून पाठ सुरू झाला. तुझं नाव काय, बापाचं नाव काय, गाव कुठलं, तालुका कुठला. गाय काय देती. रातीचं आभाळात काय दिसतं. सकाळी उठून काय करतीस. नीट आलं की शेंगदाण्याचा दाणा, चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. अंजीला हे फार आवडलं. आई दिवसदिवस आपल्याशी बोलतेय, याचंच तिला अप्रूप. नांगरटीपासून पेरणीपर्यंत हे चाललं आणि अंजीचं एक अक्षर मागंपुढं होईना. भाकरी थापता थापता रंगूबाई प्रश्न टाकायची आणि मागून उत्तर यायचं, अगदी तिच्याच हेलात.

सांगलीला निघाले तेव्हा भाऊसो पुढच्या बाकावर आणि ही तिघं मागं. थोरला दीर धाकट्या भावजयीशी थेट बोलत नाही, त्यामुळं इस्लामपूरच्या गाडीबदलात तो खांबाकडं बघून म्हणाला, "पोरांस्नी काय खायाला घालायचं असलं तर घालून घ्यावं." एवढंच काय ते दोघांचं बोलणं.

शाळा म्हणजे एक बैठा बंगला होता. मागं पत्र्याची शेड, पुढं तुळस. पुण्याहून आठवड्यातून एकदा डॉक्टर यायचे, मुलांना तपासायचे आणि कुणाला घ्यायचं, कुणाला नाही ते सांगायचे. आज त्यांच्या शेजारी विनोदिनीबाई नावाच्या शिक्षिका बसल्या होत्या. बाहेर व्हरांड्यात कुठकुठल्या गावांहून माणसं पोरं घेऊन बसलेली, आणि बघावं तिकडं मुलगेच. मुलगी घेऊन आलेली एकटी रंगूबाई. तिला आपलंच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं.

आधी जोती. डॉक्टरांनी नाव विचारलं, जोतीनं टेबलावरचा काचेचा गोळा उचलून तोंडात घातला. विनोदिनीबाईंनी तो हळूच काढून घेतला. चित्रं दाखवली, टाळ्या वाजवल्या, पाठीमागून हाक मारली. जोतीनं एकदा 'ऊं' केलं आणि आईचा पदर धरला. रंगूबाईनं मान खाली घातली. झालं, गेला हा. डॉक्टर म्हणाले, "याला घेऊ."

रंगूबाईला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. याला घेतात? मग आपल्या अंजीला तर डोक्यावर घेतील!

अंजी पुढं गेली, नमस्कार केला आणि न विचारता म्हणाली, "उन्हाचं आलासा?" डॉक्टर हसले. मग त्यांनी विचारायला सुरुवात केली, आणि गुरुजींची वांगी फुकट गेली नव्हती. नाव, बाप, गाव, तालुका. गाय दूध देती. रातीचं चांदण्या दिसत्यात. "सकाळी उठल्यावर काय करतेस?" "तोंड धुती, देवाला नमस्कार करती, च्या पिती, केर काडती, आईला पाणी आणती." केराला अंजीनं जन्मात हात लावला नव्हता. पाणी आणायला गेली की तिलाच आणायला कुणाला तरी पाठवावं लागायचं. पण काय तो आवाज, काय तो ठेका! शेवटी तर तिनं कमालच केली. डॉक्टरांकडं बघून म्हणाली, "तुमची पोरंबाळं बरी हायती न्हवं?"

डॉक्टर खुर्चीत मागं रेलून हसले. "अहो बाई, हिला इथं कशाला आणलंत? अभ्यासात मागं असेल थोडी, पण मुलगी चांगली हुशार आहे तुमची."

आणि रंगूबाई खुश झाली. तेच तर तिला पुढं जन्मभर खात राहिलं. एवढा शिकलेला माणूस, डोळ्याला चष्मा, आणि तो आपल्या लेकराला हुशार म्हणतोय. चौदा वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं. ती पदर तोंडाला लावून हसली, भाऊसोकडंसुद्धा बघून हसली. मग जोतीचं नाव घातलं गेलं, पुढच्या पोराला हाक गेली, आणि अंजीचं नाव कुणी घेईना, तेव्हा तिच्या ध्यानात आलं की इथं पास झालेलं पोर परत पाठवतात.

ती पुढं झाली. "साहेब, न्हाई वं. तिला काय कळत न्हाई. समदं म्या घोकून घेतलंया. तिला म्हणावं, भाईर जाऊन दोन जिनसा घिऊन ये. न्हाई जमायचं. नाडी बांधता येत न्हाई तिला, साहेब."

विनोदिनीबाई डॉक्टरांकडं वळल्या. "एकदा हातानं करायचं काही देऊन बघू या का हिला?" पण व्हरांडा भरलेला होता आणि डॉक्टरांना पुण्याची गाडी गाठायची होती. "घोकलेलं का होईना, लक्षात राहतं ना? बोलता येतं, माणसं कळतात. मुलगी आहे, घरकामात सामावून जाईल. जागा थोड्या आहेत, बाई. ज्याला अजिबात बोलता येत नाही त्याला आधी घ्यायला नको का?" हे ते काही वाईट म्हणत नव्हते. पण सामावून जाईल म्हणजे कुठं आणि कुणाच्या जिवावर, हे विचारायला त्यांना वेळ नव्हता.

येताना गाडीत अंजी सगळ्यांना पोरंबाळं विचारत होती. जोती मागं राहिला म्हणून रंगूबाई रडत होती, असं लोकांना वाटलं.

भाऊसो गावात उतरला तो सरळ पारावर गेला. "सांगलीच्या डॉक्टरनं सोता सांगितलं, अंजी शानी हाय." त्याचीही अडचण होती. त्याची स्वतःची पोरगी लग्नाला आली होती, आणि घरात खुळी चुलत बहीण आहे म्हटल्यावर पाहुणे चहा पिऊन जात आणि परत येत नसत. आता अंजी शहाणी झाली होती, आणि तेही सांगलीच्या डॉक्टरच्या तोंडून. शहाणी पोर घरात किती दिवस ठेवायची?

नागपंचमीला शिराळ्याला सगळा मुलूख लोटतो. सांगलीहून आल्याच्या दुसऱ्या वर्षी वाळव्याकडच्या लीलाबाई भाऊसोच्या ओळखीनं घरी उतरल्या. सोबत त्यांचा पोरगा नाथाजी. बघायला यायचं तर उघड यायचं नाही, सणाचं निमित्त करायचं, म्हणजे नाही जमलं तरी कुणाची नाचक्की होत नाही. अंजी दारातच होती. "या, बसा. आदी पाणी घ्या. कवा निघालासा?" लीलाबाई जागीच पाघळल्या. आजकालच्या पोरी खालमानेनं बसतात, विचारलं तर हुं की चूं करत नाहीत, आणि ही बघा! दिवसभर त्या अंजीला शेजारी घेऊन बसल्या. कामाचं कुणी तिला सांगितलंच नाही. पाहुण्यांपुढं पोरीला राबवायचं नसतं.

रंगूबाईनं लीलाबाईंना गोठ्यामागं गाठलं. "आवं बाई, एक सांगती. माझी पोर खुळी हाय. तिला कायबी कळत न्हाई."

लीलाबाई हसल्या. त्या हसल्या यात त्यांचा काही दोष नाही. त्या मुलखात आपल्या गुटगुटीत पोराला 'काय किडकं हाय बघा' म्हणायचं असतं. भरल्या कासेच्या म्हशीला 'भाकड हाय' म्हणायचं. चांगल्याला चांगलं म्हटलं की दृष्ट लागते. कुठलीही आई पाहुण्यापुढं आपली पोर चांगली म्हणत नाही. म्हणाली तर तीच खुळी. लीलाबाईंनी तिच्या हातावर टाळी दिली. "दृष्ट काडायची तर अशी! म्याबी माझ्या नाथाजीला येडाच म्हंती."

"तसं न्हाई वं! लेकरांच्या गळ्याशप्पत सांगती, खरंच खुळी हाय."

लीलाबाईंचं हसू गेलं. "द्यायची नसंल तर सरळ सांगा की. पोटच्या पोरीला कशापायी बोल लावतासा? आई हायसा का कोण?"

ते भाऊसोच्या कानावर गेलं. तो ओसरीवर उभा राहून बायकोला म्हणाला, रंगूबाईला ऐकू जाईल अशा आवाजात, "तिला सांग, पोरीचं वाटुळं करायचं असलं तर खुशाल करावं. डॉक्टर शानी म्हंतो, पाव्हणी शानी म्हंती, आन आई म्हंती खुळी. मग खुळं कोण?"

शेवटचा आधार लालासाहेब. लग्नाला म्हणून सुट्टी काढून आला, तर रंगूबाईनं त्याला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. पण पलटणीत डॉक्टरनं फिट म्हटलं की माणूस फिट, मग त्याचा पाय तुटलेला का असेना. "डागदर बोलला न्हवं? मग आपून कोण? आगं, आपल्या पोरीचं लगीन व्हतंय, हे बघून बरं वाटत न्हाई व्हय तुला?" त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. इतकी वर्षं तो बर्फात उभा राहून हेच मागत होता की आपलं एक तरी लेकरू चारचौघांसारखं निघावं. त्याच्याशी काय भांडणार?

तेव्हा रंगूबाईनं तिला जे येत होतं तेच केलं. पुन्हा चुलीपुढं अंजीला घेऊन बसली. लग्न ठरलंच आहे तर चारचौघांत हसं नको. नवऱ्याचं नाव घ्यायचा उखाणा पाठ करून घेतला. सासूला काय म्हणायचं, सासऱ्याला काय म्हणायचं. आणि सगळ्यांत पुन्हा पुन्हा हे, की "थोरल्या माणसानं काय इचारलं तर व्हय म्हणायचं. मान खाली घालून व्हय म्हणायचं. न्हाई म्हणायचं न्हाई." पंचाहत्तरच्या वैशाखात अंजीनं भरल्या मांडवात असा उखाणा घेतला की वाजंत्रीवाल्यांनी थांबून ऐकला.

सासरी महिनाभर लाड झाले. मग चुलीपाशी बसवली. एक दिवस भाकरी तव्यावर जळून कोळसा झाली आणि अंजी शेजारी बसून शेजारणीला पोरंबाळं विचारत होती. एक दिवस दळण आणायला पाठवली, ती पिठाच्या गिरणीवरून भलत्याच गावच्या बैलगाडीत बसून गेली, कारण गाडीवानानं 'येतीस का' विचारलं आणि ती व्हय म्हणाली. नाथाजी काही दुष्ट माणूस नव्हता. सायकलवरून दोन गावं पालथी घालून त्यानं तिला शोधून आणली. पण घरात एकच गोष्ट कुणाच्या डोक्यात शिरेना. मुकी असती, लाळ गळत असती, तर लीलाबाईंनी कपाळाला हात लावून तिला पोसलं असतं, देवाची म्हणून. एवढं गोड बोलणारी, बसा म्हणणारी, पाणी घ्या म्हणणारी बाई खुळी असेलच कशी? ही मुद्दामच करते. हिला नांदायचं नाही. आईनंच शिकवून पाठवलंय, तरी ती गोठ्यामागं तसं म्हणत होती!

मग विचारायला लागले. "मुद्दाम जाळलीस भाकरी?" "व्हय." "नांदायचं न्हाई तुला?" "व्हय." "आईनं शिकवलंय?" "व्हय." हे खरंच होतं म्हणा, आईनंच शिकवलं होतं. प्रत्येक व्हयला एक तडाखा. आधी सासूचा, मग नवऱ्याचाही. तडाखा कशाचा बसतोय ते अंजीला कळत नव्हतं, पण इतकं तिला कळलं, की तोंड उघडलं की बसतो. जे सोळा वर्षांत तिला कुणी शिकवू शकलं नाही, म्हणजे एका गोष्टीवरून दुसरी ताडणं, ते तिथं मार खाऊन ती शिकली. तिनं तोंड मिटलं.

पुढच्या वर्षी ऊसतोडीच्या दिवसांत नाथाजीनं तिला माघारी आणून घातली. अंगणात उभा राहिला, आत आला नाही, पाणी घेतलं नाही. "तुमी आमाला फसवलंसा," एवढंच म्हणाला आणि वळला. त्याचंही खरंच होतं. रंगूबाई अंजीपुढं जाऊन बसली. "अंजे, कवा निघालीस गं? पाणी पितीस का?" अंजीनं दाराकडं बघितलं आणि हात डोक्यावर घेतले, मार चुकवायला घेतात तसे.

पुढं दारात कुणी आलं की अंजी कणगीमागं जाऊन बसायची. रंगूबाईनं पुन्हा दाणे घेतले, पुन्हा चुलीपुढं बसवलं. "तुझं नाव काय?" दाणे तसेच राहायचे. गावात आता अंजीबद्दलही लोक हात हलवून 'अशी' म्हणायला लागले, आणि कुणी कुणी तिच्या हातावर गूळही ठेवला. भाऊसो ओसरीवरून म्हणाला, "नशिबाचा भोग." आपल्या पोरीचं लग्न त्यानं मधल्या मध्ये उरकून घेतलं होतं.

सत्त्याहत्तरच्या मे महिन्यात जोतीला सुट्टीला आणायचं होतं. रंगूबाईनं अंजीला बरोबर घेतलं. मनात एकच, की आता तरी घेतील. आता पोर बोलत नाही. आता कुठं तिच्यात कमी राहिलीय? इस्लामपूरपासून सांगलीपर्यंत ती हेच घोकत होती, आणि तिला जवळजवळ आनंद होत होता.

पत्र्याच्या शेडमध्ये जोती खुर्ची विणत होता. आईला बघून उठला आणि म्हणाला, "आई." जड, घशातून, पण आई. अठरा वर्षं जिची वाट बघितली ती हाक ऐकून रंगूबाईनं नुसती मान हलवली. तिला घाई होती. ती विनोदिनीबाईंकडं गेली, अंजीला पुढं ढकललं.

"बाई, आता बगा. आता एक शबूद बोलत न्हाई. कायबी इचारा. आता घ्या तिला."

विनोदिनीबाईंनी अंजीला ओळखलं. नाव विचारलं. अंजीनं डोक्यावर हात घेतले. त्या बाई चांगल्या होत्या, त्यांना काय झालं असेल ते समजलं. त्यांनी ते हात हळूच खाली घेतले.

"रंगूबाई, सोळाच्या आतलीच मुलं घेतो आम्ही. ही आता अठराची. शिवाय लग्न झालेली. आणि मुलींची खोली आम्ही बंद केली हो. चार वर्षांत मुली कुणी फारशा आणल्याच नाहीत. ज्या आणल्या त्या बोलणाऱ्या, म्हणून डॉक्टरांनी परत पाठवल्या. रिकामी खोली कमिटीला परवडेना. आता तिथं मुलं झोपतात."

"मी ऱ्हाती तिच्यासंगं. भांडी घासती हितं. व्हरांड्यात झोपती."

विनोदिनीबाईंनी मान हलवली. त्या दिवशी तरी तिला तपासून बघायला हवं होतं, असं काहीसं त्या म्हणायला लागल्या. रंगूबाईनं ते ऐकलं नाही. त्या दिवशीचं तिला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.

सांगलीच्या स्टँडवर शिराळ्याची गाडी लागली. ही तिघं चढली. अंजी खिडकीपाशी पदरात तोंड घालून, मध्ये रंगूबाई, कडेला जोती. कंडक्टर आला. रंगूबाईनं कमरेची पिशवी काढली, तेवढ्यात जोतीनं तिच्या हातातली नोट घेतली, कंडक्टरपुढं धरली आणि म्हणाला, "तीन. शिराळा."

आसपासच्या लोकांनी वळून बघितलं. नीट बोलला होता तो. प्रत्येक अक्षर वेगळं, घासूनपुसून ठेवल्यासारखं. शाळेनं चार वर्षं त्याच्याकडून हेच करून घेतलं होतं. तो आईकडं वळून हसला.

रंगूबाईनं त्याच्या तोंडावर एक ठेवून दिली. का, ते तिला त्या क्षणी कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. तिला एवढंच दिसत होतं, की हे बोलतंय आणि ती बोलत नाही.

"आवं बाई, खुळ्या पोराला मारतासा व्हय?" कंडक्टर म्हणाला.

जोतीनं गालाला हात लावला नाही. चुकलं की रागवायचं नाही, पुन्हा नीट म्हणायचं, असं त्याला शाळेत शिकवलं होतं. आपलंच काहीतरी चुकलं असणार, असं त्याला वाटलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण त्यानं ओठ नीट जुळवले, कंडक्टरकडं बघितलं आणि आधीपेक्षा सावकाश, आधीपेक्षा स्पष्ट म्हणाला, "तीन. शिराळा."

कंडक्टरनं तिकिटं फाडून दिली आणि तो पुढच्या बाकाकडं गेला.